कच्छातल्या दुर्मीळ झाडाला कायद्याचं संरक्षण मागायचं का? ठरवायचं कसं, सगळं एका जागी

पाऊस पडून गेला की बडोद्यातल्या आमच्या झाडंवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला प्रकार सुरू होतो. कोणीतरी शनिवारची रात्रीची भूजची गाडी पकडतं, लखपत नाहीतर नखत्राणाच्या बाजूला एखाद्या टेकडीवर कधी न बघितलेलं झुडूप दिसतं, फोटो येतो, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि मग कोणीतरी लिहितंच, "अरे हे एकदम रेअर आहे, ह्याला सरकारने प्रोटेक्शन दिलं पाहिजे." सगळे हो म्हणतात. पुढे काही होत नाही, कारण अर्ज कोणाकडे करायचा, कुठल्या कायद्याखाली, आणि साहेबांनी "पुरावा काय?" विचारलं तर त्यांच्यापुढे ठेवायचं काय, हे कोणालाच माहीत नसतं.

म्हणून जरा सविस्तर लिहितेय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. इथे प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकात एक घालतो. झाड खरंच संपायच्या वाटेवर आहे का, हा एक. आणि त्याला जे संपवतंय ते कायद्याने थांबण्यासारखं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असं पुष्कळदा होतं, आणि तेव्हा कायदा मागून फक्त फाईल जाड होते.

आधी नाव पक्कं करा

हे कंटाळवाणं काम आहे म्हणून लोक टाळतात आणि मग सगळं मुसळ केरात जातं. गुग्गुळाचंच घ्या. आपल्याकडे कोणी सांगतं की पंचमहाल, छोटा उदेपूरच्या जंगलात गुग्गुळ भरपूर आहे, मग कसलं धोक्यात? तर ते बहुतेक वेळा सालईचं झाड असतं, बॉसवेलिया सेराटा, त्याच्या डिंकालाही सालई गुग्गुळ म्हणतात. औषधातला खरा गुग्गुळ म्हणजे कॉमिफोरा वायटाय, तो कच्छ, सौराष्ट्राचा कोरडा भाग, राजस्थान आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तानात. त्यातून ह्याच झाडाचं जुन्या पुस्तकांत नाव कॉमिफोरा मुकुल, त्याच्याही आधी बाल्समोडेंड्रॉन. म्हणजे जुन्या नोंदी शोधायच्या तर तिन्ही नावांनी शोधा, नाहीतर "१९०० सालच्या आसपास इथे नव्हतंच" असा भलताच निष्कर्ष निघेल.

आपण बडोदेकर ह्या बाबतीत नशीबवान आहोत. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या बॉटनी डिपार्टमेंटचं हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या झाडांच्या नमुन्यांचा संग्रह आहे, जगातल्या हर्बेरियमांच्या यादीत त्याचा कोड बारो असा आहे. आधी रीतसर पत्र देऊन विचारायचं, मग जायचं, आणि नुसतं सुकवलेलं झाड न बघता त्याच्या कोपऱ्यातलं लेबल वाचायचं: कोणी, कधी, कुठून गोळा केलं आणि बाजूला "कॉमन" लिहिलंय की "ओकेजनल". पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी शाईने लिहिलेला "कॉमन" हा एक शब्द आजच्या दहा फोटोंपेक्षा जास्त बोलतो. घरबसल्या बघायचं असेल तर बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या डिजिटल नोंदी आहेत, जीबीआयएफ ही जगभरातल्या जीवनोंदींची वेबसाईट आहे. कच्छच्या झाडांवर फादर ब्लॅटर ह्यांनी १९०८-०९ च्या सुमारास लिहून ठेवलंय, आणि जयकृष्ण इंद्रजी हे आपल्या गुजरातचेच, त्यांनी कच्छात पायी फिरून नोंदी केल्या. गावाचं नाव बदललंय, वाट बदललीय, पण टेकडी तिथेच असते, सापडते.

दुर्मीळ का दिसतंय?

वाळवंटातलं झाड कमी दिसतं म्हणजे ते मरतंय असं नाही. कमी दिसण्याची निदान तीन कारणं असतात आणि तिन्हींचा निकाल वेगळा.

एक, कच्छ ही कडा आहे. सहारापासून अरबस्तान, इराण, सिंध असा कोरड्या प्रदेशाचा जो लांबलचक पट्टा येतो त्याचं पूर्वेचं टोक आपल्याकडे येऊन संपतं. इफेड्रा फोलिएटासारखं झाड भारतात मोजक्या ठिकाणी दिसेल पण पश्चिमेला दूरवर आहे. त्याच्यासाठी "जगातून नष्ट होतंय" असा आरडाओरडा केला तर पहिलाच जाणकार माणूस अर्ज बाजूला ठेवेल. गुजरातपुरतं धोक्यात आहे असं म्हणता येतं, त्याला प्रादेशिक मूल्यमापन म्हणतात आणि आययूसीएनचे (जगातल्या धोक्यातल्या जातींची लाल यादी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) त्याचे वेगळे नियम आहेत, पलीकडून बिया येत राहतात का ते बघून एखादी पायरी खाली-वर करतात.

दोन, पावसाची झाडं. कच्छात वर्षाला साधारण ३००-४०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही एका वर्षी धो धो, पुढची दोन वर्षं कोरडी. एकवर्षायू झाडं मातीत बी टाकून गप्प बसतात, चांगला पाऊस झाला की उगवतात. दुष्काळात जाऊन "एकही सापडलं नाही" असं लिहिणं आणि भर पावसात "हजारो आहेत, कसला धोका?" म्हणणं, दोन्ही तितकंच चूक. आययूसीएन ज्याला तीव्र चढउतार म्हणतं तो साधारण दहापटीचा फरक, पण मातीतला बियांचा साठा टिकून असेल तर वर दिसणाऱ्या झाडांची संख्या दहापट हलली तरी तो तीव्र चढउतार आपोआप धरत नाहीत. तेव्हा अशा झाडासाठी एका सीझनचा डेटा घेऊन पळू नका, चांगली-वाईट दोन्ही वर्षं बघा. अपवाद फक्त एक: टेकडीवर डोझर येणार असेल तर वाट बघत बसायचं नाही, आहे त्या माहितीवर लिहायचं.

तीन, जे खरोखर थोड्याच जागी आहे आणि जगात दुसरीकडे नाही. हेलिक्रायसम कच्छिकम हे नावातच कच्छ असलेलं झाड ह्या गटातलं. असं झाड भेटलं की मग बाह्या सरसावायच्या.

मोजणी: नुसती झाडं नाही, ठुंठंसुद्धा

तिकडे जायच्या आधी वन खात्याला विचारा, अभयारण्याची हद्द असेल तर परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. आणि झाड उपटायचं नाही. फोटो, खोडाचा घेर, जीपीएस, बस. नमुना हवाच असेल तर तो हर्बेरियमवाल्यांना त्यांच्या परवानगीवर घेऊ दे.

मोजायचं कसं? झुडपांसाठी १० बाय १० मीटरचे चौकोन दोरीने आखून घेणं सोपं पडतं. चौकोन कुठे टाकायचे ते घरीच नकाशावर ठरवून निघा, कारण टेकडीवर पोचल्यावर पाय आपोआप जिथे झाड दिसतंय तिकडेच वळतात आणि मग आकडा फुगतो. जिथे शोधलं आणि सापडलं नाही ती जागासुद्धा तारीख-वेळेसकट लिहायची, हे नव्वद टक्के हौशी लोक करत नाहीत आणि नेमकी तीच माहिती पुढे सोन्याच्या मोलाची होते.

मोजताना तीन रकाने करा: फुलं-फळं धरण्याच्या वयाची झाडं, पोरं म्हणजे छोटी रोपं, आणि मेलेली. आययूसीएनच्या हिशोबात फक्त पहिला रकाना धरतात, प्रौढ झाडं. पण गोष्ट खरी कळते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात.

गुग्गुळाच्या एका टेकडीवर हे अगदी जवळून बघण्यासारखं असतं. लांबून झुडूप ठीकच दिसतं, वाकडंतिकडं, काटेरी, पानं नाहीत. जवळ जाऊन बसलं की खोडाची साल कागदासारखी सुटून फडफडत असते, पिवळट पापुद्रे, खाली हिरवं खोड. आणि त्या खोडावर आडव्या चिरा. डिंक जास्त निघावा म्हणून चीर खोल देतात आणि तिच्यात जळजळीत लेप भरतात, त्याने डिंक वाहतो खरा, पण पुष्कळ झाडं नंतर वाळून जातात. चिरेखाली काळपट डिंकाचे थेंब वाळून दगडासारखे झालेले, त्यात वाळू चिकटलेली. अशा झाडाला मी तिसऱ्या रकान्यात घालू की पहिल्या, असा प्रश्न पडतो. उत्तर: जिवंत असेल तर पहिल्यातच, पण शेजारी "चिरलेलं" अशी खूण करा, पुढच्या वर्षी येऊन तेच झाड बघा.

त्याच टेकडीखाली शेळ्या घेऊन बसलेल्या एका आजोबांशी गप्पा झाल्या. मी गुजरातीतून विचारलं, दादा, पहिलेपण एवढंच होतं का? ते हसले, म्हणाले, "बेन, पहिले आम्ही शेळ्यांना ह्याच्या सावलीत बसवायचो. आता शेळीच्या सावलीत ते बसतंय." असं बोलणं पुराव्यात धरतात का? धरतात, फक्त एका माणसाचं नको. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकच प्रश्न सारख्याच शब्दांत विचारा, तुमचं उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका, आणि जसं बोलले तसं लिहून घ्या.

आता आययूसीएनची चाळणी

पाच निकष आहेत, ए ते ई. सगळे लागू व्हायची गरज नाही, एक जरी पक्का बसला तरी वर्ग मिळतो. अति संकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित हे ते तीन वर्ग, तिघांना मिळून धोक्यातल्या जाती म्हणायचं.

ए म्हणजे घट. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जे लांब असेल त्या काळात, किती झाडं कमी झाली. कारणं अजून चालूच असतील तर ३० टक्के घटीला असुरक्षित, ५० ला संकटग्रस्त, ८० ला अति संकटग्रस्त. सावकाश वाढणाऱ्या झुडपाच्या तीन पिढ्या म्हणजे कित्येक दशकं, म्हणूनच मघाशी त्या जुन्या लेबलांचं एवढं पुराण सांगितलं. गुग्गुळ २०१५ साली अति संकटग्रस्त ठरला तो ह्याच निकषावर, विस्तारावर नाही. म्हणजे नकाशावर झाड भलत्या मोठ्या भागात पसरलेलं असूनही ते सगळ्यात वरच्या वर्गात जाऊ शकतं.

बी म्हणजे विस्तार, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांना सगळ्यात हाताळता येण्यासारखा निकष हाच. दोन आकडे काढायचे. सगळ्या बाहेरच्या ठिपक्यांना जोडून जो बहुभुज होतो त्याचं क्षेत्रफळ, आणि २ बाय २ किलोमीटरच्या चौकटींची जाळी टाकून किती चौकटींत झाड आहे ते गुणिले चार. जिओकॅट नावाची फुकट वेबसाईट आहे, ठिपके टाकले की दोन्ही आकडे काढून देते.

समजा, निव्वळ समजा, आपल्याला एक झुडूप सापडलं, सात चौकटींत आहे, म्हणजे २८ चौरस किलोमीटर, आणि बहुभुज ९०० चा. बहुभुजाची मर्यादा अति संकटग्रस्तला १००, संकटग्रस्तला ५,०००, असुरक्षितला २०,०००. चौकटींची १०, ५०० आणि २,०००. म्हणजे आपलं झुडूप संकटग्रस्तच्या मापात बसलं. पण थांबा, नुसतं माप पुरत नाही, तिथेच लोक चुकतात. शिवाय तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: ठिकाणं पाच किंवा कमी (किंवा तुकडे-तुकडे होऊन एकमेकांपासून तुटलेली), घट चालू आहे, आणि तीव्र चढउतार.

त्यातला "ठिकाण" शब्द फसवा आहे. ठिकाण म्हणजे नकाशावरचा ठिपका नाही. एकाच धोक्याने झटक्यात जेवढी झाडं जाऊ शकतात ते एक ठिकाण. पाच टेकड्या एकाच खाणीच्या लीजमध्ये असतील तर ते पाच नाही, एक ठिकाण. उलट एकाच टेकडीच्या एका उतारावर खाण आणि दुसऱ्यावर नुसती चराई असेल तर दोन. त्यामुळे आधी धोका कळल्याशिवाय ठिकाणं मोजताच येत नाहीत.

सी आणि डी हे संख्येचे. प्रौढ झाडं २५० च्या आत असतील तर डी खाली संकटग्रस्त, ५० च्या आत तर अति संकटग्रस्त. सी ची मर्यादा सैल आहे, संकटग्रस्तला २,५००, पण घट दाखवावी लागते. ई म्हणजे कॉम्प्युटरवर नष्ट होण्याची शक्यता काढणं, ते आपलं काम नाही, सोडून द्या.

आणि हो, माहिती अपुरी आहे असा पण एक वर्ग असतो. तो लागला म्हणून नाक मुरडू नका. आणि त्याच्या आड लपूही नका, काहीतरी आकडा निघत असेल तर तो टाळायला हा वर्ग वापरू नये असं आययूसीएन स्वतःच सांगतं.

ह्या सगळ्या खटाटोपानंतर एक कडू गोळी: आययूसीएनच्या यादीला भारतात कायद्याचं बळ नाही. अति संकटग्रस्त असलेलं झाड कोणी तोडलं तर त्या यादीच्या जोरावर त्याच्यावर केस होत नाही.

मारतंय कोण?

इथे मला अमेरिकेची पद्धत आवडते. धोक्यातल्या जातींसाठी त्यांचा १९७३ चा कायदा आहे, त्यात पाच प्रश्न ठरवून दिलेत: राहायची जागा जातेय का, माणूस जास्त ओरबाडतोय का, रोग किंवा खाणारे प्राणी आहेत का, आत्ताचे नियम तोकडे पडतायत का, आणि बाकी काही नैसर्गिक-मानवी कारण. कोणीही नागरिक अर्ज करू शकतो, ९० दिवसांत अर्जात दम आहे का ते सांगायचं असतं आणि दम असेल तर अर्ज आल्यापासून १२ महिन्यांत निर्णय. कागदावर तरी, प्रत्यक्षात लांबतं. मुख्य म्हणजे यादीत घालायचं की नाही हे ठरवताना धंद्याचं नुकसान धरत नाहीत, फक्त शास्त्र.

नेवाडाच्या वाळवंटात टीम्स बकव्हीट म्हणून एक पिवळ्या फुलांचं बारकं झुडूप आहे. जगात सगळं मिळून साधारण दहा एकरांत, आणि त्याच जमिनीखाली लिथियम. २०१९ मध्ये अर्ज झाला. २०२० च्या उन्हाळ्यात हजारो झाडं खणून-कुरतडून टाकलेली दिसली आणि सगळ्यांना वाटलं खाणीच्या बाजूच्या कोणीतरी केलं असणार. डीएनए तपासणीत निघाल्या खारी! दुष्काळात पाण्यासाठी मुळं खाल्लेली. डिसेंबर २०२२ मध्ये झाड संकटग्रस्त म्हणून जाहीर झालं, पण ह्यातून आपण घ्यायचं ते हे की खलनायक आधी ठरवून मग पुरावा शोधायला जाऊ नका.

कच्छात हे पाच प्रश्न विचारले की उत्तरं अशी येतात. जागा: चुनखडी, लिग्नाईट, सिमेंट, पवनचक्क्यांचे रस्ते. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल असतात, त्यातली वनस्पतींची यादी काढून आपल्या नोंदींशी ताडून बघा, आणि जनसुनावणी असेल तर जाऊन लेखी हरकत द्या, तोंडी बोलून येऊ नका. ओरबाडणं: गुग्गुळ, तसंच थरच्या वाळवंटात फोग नावाचं झुडूप, ज्याची मुळंसुद्धा कोळशासाठी खणतात. खाणारे: चराई, पण इथे जपून, कारण मालधारी, म्हणजे इथले गुराखी, शेकडो वर्षं आहेत आणि झाडंही होती. बाकी कारणं: गांडो बावळ, म्हणजे विलायती बाभूळ. बन्नीत, म्हणजे कच्छातल्या गवताळ भागात, रण पुढे सरकू नये म्हणून १९६०-६१ च्या सुमारास सरकारनेच लावला, आणि आता गवत आणि बाकीची झाडं त्याच्याखाली दबलीयत. आता सांगा, गांडो बावळ ज्या झाडाला मारतोय त्याला "तोडण्यास मनाई" असा कायदा करून काय मिळणार? तिथे कुऱ्हाड हवी, नोटिफिकेशन नाही.

कुठला कायदा काय करतो

आपल्याकडे मुख्य दोन.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. नावावरून वाघ-सिंहाचा वाटतो, पण १९९१ च्या दुरुस्तीने त्यात झाडं आली, कलम १७-ए. तेव्हा यादीत सहा नावं होती, घटपर्णी, निळा वांडा वगैरे, वाळवंटातलं एकही नाही. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टं नव्याने मांडली, झाडं आता परिशिष्ट तीनमध्ये आहेत. नाव घालायचा अधिकार केंद्र सरकारकडे. हा कायदा कडक आहे, खरेदी-विक्री-बाळगणं सगळ्यावर बंदी. पण तोडायची-उपटायची मनाई वनजमिनीवर आणि केंद्राने खास जाहीर केलेल्या भागांत लागू होते. आणि कच्छातली आपली कितीतरी झाडं उभी आहेत ती महसूल खात्याच्या दप्तरी "सरकारी पडीक" लिहिलेल्या जमिनीवर! म्हणून सातबारा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, आमच्या ग्रुपमध्ये मी हे इतक्यांदा बोललेय की लोक चिडवतात.

दुसरा जैवविविधता कायदा, २००२. कलम ३८ खाली केंद्र सरकार राज्याशी सल्लामसलत करून एखादी जात नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचं जाहीर करू शकतं, आणि गोळा करण्यावर बंदी किंवा नियंत्रण, दोन्हींपैकी काही घालू शकतं, शिवाय ती पुन्हा वाढवायची जबाबदारी येते. कलम ३७ खाली जागेलाच जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करता येतं. गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांचं जैवविविधता रजिस्टर असतं, त्यात झाडाची नोंद करून घेणं ही फुकटात होणारी आणि तरी सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट.

"अभयारण्यात आहे ना, मग झालं की" असं म्हणणाऱ्यांना कच्छातलं नारायण सरोवर अभयारण्य दाखवा. १९८१ मध्ये जाहीर झालं तेव्हा साधारण ७६५ चौरस किलोमीटर. १९९५ मध्ये विधानसभेच्या ठरावाने ४४४ वर आलं, चुनखडी आणि लिग्नाईटसाठी. हद्दीबाहेर गेलेल्या भागातली झाडं एका दिवसात अभयारण्यातली राहिली नाहीत, त्यांनी जागा बदलली नव्हती. तेव्हा अर्जात "आत्ताचे नियम पुरेसे आहेत का" ह्या मुद्द्याला चार ओळी नको, चार पानं द्या.

कायद्याने उलटं होईल का, हेही बघा

बरेच जण इथे माझ्यावर भडकतात. गुग्गुळाला वन्यजीव कायद्यात घाला अशी मागणी ऐकायला छान वाटते, पण त्या कायद्यात यादीतलं झाड लावायलासुद्धा लायसन्स लागतं, विकायला वेगळं. आणि गुग्गुळाची मागणी काही थांबणार नाही, आपल्या बडोद्यातल्या मांडवीतल्या कुठल्याही काष्ठौषधीवाल्याकडे जा, योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ, आणि वर धुपाला सुटा. ही मागणी शेतात वाढवलेल्या झाडांकडे वळवायची तर शेतकऱ्याला कागदात अडकवून कसं चालेल? झाड फांदी लावून येतं, बियांचा भरवसा कमी, आणि डिंक काढण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं, आधीच कोणाला धीर नसतो. म्हणून माझं मत: गुग्गुळासाठी कलम ३८ खाली गोळा करण्याचं नियंत्रण, चिरा द्यायच्या पद्धतीवर अट, आणि लागवडीचा माल वेगळा ओळखता येईल अशी सोय. सरसकट बंदी म्हणजे चोरटा धंदा, आणि त्यात मरणार तो डिंक काढणारा गरीब माणूस, व्यापारी नाही.

एकाच टेकडीवर असलेल्या, कोणालाच न विकल्या जाणाऱ्या बारक्या झाडाचं एकदम उलट. त्याला गोळा करण्यावर बंदी घालून काय करायचं, कोणी गोळा करतच नाही. त्याची टेकडी वाचवायची, म्हणजे वारसा स्थळ आणि लीजमधून तेवढा तुकडा वगळणं. आणि गुजरातेत कमी पण सिंधपासून पुढे भरपूर, धोका काही ठळक नाही, अशा झाडासाठी कायदा मागूच नका, दर दोन-तीन वर्षांनी मोजत राहा.

आणखी एक, जागा जाहीर करण्याबद्दल. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम नावाची खड्यांसारखी दिसणारी रसाळ झाडं आहेत, हौशी संग्राहकांसाठी ती डोंगरांवरून अक्षरशः पोत्यांनी उपटली गेली. दुर्मीळ म्हणून नाव झालं की भावही चढतो. अर्जात अचूक जीपीएस वेगळ्या बंद पाकिटात द्या, ग्रुपवर फक्त तालुका. आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या वेबसाईटवर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर होते पण सगळ्याच जातींची होत नाही, आपल्या हाताने सेटिंग बघून घ्या, आणि फोटोत मागे मंदिराचा कळस नाहीतर टॉवर आला असेल तर कापा.

अर्ज

पहिल्या पानावर फक्त चार गोष्टी: झाड कोणतं, कोणत्या निकषावर कोणत्या वर्गात बसतं, मारतंय काय, आणि कोणतं कलम मागताय. भावनिक काही नको, "भावी पिढ्या" वगैरे मागच्या पानावरही नको. मग नकाशा, मोजणीची पद्धत, न सापडलेल्या जागा, जुन्या लेबलांच्या प्रती, जमिनीची मालकी. जिथे खात्री नाही तिथे "अंदाज" असं स्पष्ट लिहा आणि किमान-कमाल दोन्ही आकडे द्या, एकच गोल आकडा दिला की समोरचा पहिले त्याच्यावरच बोट ठेवतो.

पाठवायच्या आधी कोणातरी वनस्पतीशास्त्रज्ञाकडून वाचून घ्या. भूजची गुजरात इन्स्टिट्यूट ऑफ डेझर्ट इकॉलॉजी आहे, जोधपूरला बोटॅनिकल सर्व्हेचं कोरड्या प्रदेशाचं केंद्र आहे, बडोद्यात युनिव्हर्सिटी आहेच. मग गांधीनगरला राज्य जैवविविधता बोर्ड, प्रत वन खात्याला, प्रत गावच्या समितीला, आणि वन्यजीव कायद्याचं परिशिष्ट मागत असाल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला. गावच्या समितीचा ठराव सोबत असेल तर अर्जाचं वजन एकदम वाढतं, म्हणून तिथे आधी जा, गुजरातीत लिहिलेली एक पानाची प्रत घेऊन. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, आवक नंबर लिहून ठेवा. दोन-तीन महिने हालचाल दिसली नाही तर त्याच नंबरावर माहिती अधिकारात विचारायचं: अर्ज कोणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा आहे.